ई-पुस्तकात छापील पान जपायचे कसे? होळकरशाहीच्या साधनांच्या निमित्ताने

इंदूरच्या इतिहासावरचा जुना लेख उघडा, तळटिपांत ‘माल्कम, खंड १, पृ. अमुक’ अशी नोंद बहुधा भेटतेच. सर जॉन माल्कम यांचा मध्य हिंदुस्थानावरचा ग्रंथ १८२३ साली लंडनला दोन खंडांत निघाला. अहिल्याबाईंच्या कारभाराची माहिती त्यांनी जुन्या जाणत्या माणसांना विचारून त्यात नोंदवली. २०२५ हे बाईंच्या जन्माचे तीनशेवे वर्ष, त्यामुळे माल्कमच्या नावावर बरेच काही फिरते. ते त्याने खरेच लिहिले की नाही, हे बघायचे तर पान सापडायला हवे.

गाडी अडते ती इथेच. स्कॅन प्रतीत मुखपृष्ठ, प्रस्तावना सगळे धरून पाने मोजली जातात, म्हणून पडद्यावरचा आकडा आणि छापील आकडा जुळत नाही. ईपबमध्ये तर अक्षर मोठे केले की पानच बदलते. शेवटच्या सूचीतले आकडे मात्र तसेच राहतात, पण ते कुठेच नेत नाहीत. तळटिपांचेही तेच. अनेक जुन्या पुस्तकांत त्यांची चिन्हे दर पानावर नव्याने सुरू होतात. त्या प्रकरणाच्या शेवटी नेऊन सलग क्रमांक दिले, की ‘पृ. ५२, टीप २’ शोधणार कुठे?

उपाय अवघड नाही. छापील पान जिथे सुरू होते तिथे मजकुरातच [पृ. ५२] अशी खूण घालावी. पान बदलताना शब्द तुटला असेल तर तो जोडून खूण त्याच्या पुढे ठेवावी. ईपबमध्ये छापील पानांची वेगळी यादी देण्याची सोय आहे, ती वापरावी. आणि आवृत्तीचे वर्ष हमखास लिहावे. १८५७ च्या धामधुमीत महूवरून गेलेल्या विष्णुभट गोडश्यांचा ‘माझा प्रवास’च घ्या. १९०७ ची वैद्यांची आवृत्ती आणि १९६६ ची पोतदारांची, यांत पानेच काय, मजकूरही वेगळा आहे.

आपल्या जुन्या संपादकांनी एक चांगली वाट घालून दिली आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. सरदेसायांनी पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत काढले. दोन्हींत पत्रांना क्रमांक आहेत. ‘खंड अमुक, लेखांक तमुक’ असा संदर्भ दिला, तर कागद असो वा मोबाईल, पत्र सापडतेच. ज्ञानेश्वरीची ओवी आपण अध्याय आणि ओवीच्या आकड्यानेच सांगतो ना, तसेच हे.

म्हणून होळकरांची पत्रे टंकताना लेखांक गाळू नका, पानाची खूणही ठेवा. पुढचा अभ्यासक आपले म्हणणे तपासू शकेल तो त्यावरूनच.