तेलावर तापणारी घरे : अमेरिकेच्या ईशान्येतील हिवाळा आणि गृहतापन तेलाची काटकसर

महाराष्ट्रात थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी, अंगावरची गोधडी आणि फार तर निफाडच्या घसरलेल्या पाऱ्याची बातमी. घर तापविणे ही खर्चाची स्वतंत्र बाब आपल्याकडे नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र ऑक्टोबर ते एप्रिल असे सहा-सात महिने घर तापवावे लागते आणि तेथील लक्षावधी घरांत त्यासाठी चक्क तेल जाळले जाते. न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे जेव्हा एखादे जुने घर विकत घेतात, तेव्हा तळघरातील पोलादी टाकीशी त्यांची प्रथमच गाठ पडते. पहिल्या हिवाळ्याचे देयक हाती आले की या टाकीचे गणित समजून घेण्याची निकड भासू लागते. ते गणित येथे मांडले आहे.

तेल कोणते, घरे कोठली?

गृहतापनासाठी वापरले जाणारे तेल हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे, डिझेलच्या जातकुळीचे इंधन आहे. व्यापारात त्याला 'क्रमांक २' असे म्हणतात. रस्त्यावरील वाहनांच्या इंधनावरील कर त्यावर आकारला जात नाही. म्हणून ते वाहनात वापरले गेल्यास ओळखता यावे, यासाठी त्यात लाल रंग मिसळलेला असतो. पूर्वी त्यात गंधकाचे प्रमाण बरेच असे. न्यू यॉर्क राज्याने २०१२ मध्ये आणि न्यू इंग्लंडमधील राज्यांनी २०१८ पर्यंत ते दशलक्ष भागांत १५ भागांपर्यंत खाली आणले. त्यामुळे भट्टीत काजळी कमी धरते.

अमेरिकेतील सुमारे ५० लाख कुटुंबे मुख्यत्वे या तेलावर घर तापवितात आणि त्यांपैकी पाचांत चार ईशान्येकडील आहेत. मेन राज्यात हे प्रमाण सर्वाधिक आहे. याचे कारण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या भट्ट्या मागे पडल्या आणि त्यांची जागा तेलाने घेतली. पुढे नैसर्गिक वायूच्या नळवाहिन्या शहरांत पोहोचल्या. पण विरळ वस्तीच्या गावांपर्यंत त्या नेणे परवडणारे नव्हते. तेथे तेलच राहिले.

घर कसे तापते?

टाकी बहुधा २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची असते. हवेसाठी जागा सोडावी लागत असल्याने तीत प्रत्यक्षात २५० गॅलनच्या आसपास तेल मावते. भरताना टाकीतली हवा बाहेर पडते आणि एक शिट्टी वाजत राहते. शिट्टी थांबली, की टाकी भरली असे समजून टँकरवाला नळी बंद करतो. टाकीतून तेल बर्नरकडे जाते, तेथे बारीक तुषारांच्या रूपात फवारले जाते आणि पेटते. या उष्णतेने हवा तापवून ती वाहिन्यांतून खोल्यांत सोडली, तर त्या यंत्राला 'फर्नेस' म्हणतात. पाणी तापवून ते रेडिएटरमधून फिरविले, तर तो 'बॉयलर' होय. अनेक घरांत हाच बॉयलर अंघोळीचे पाणीही तापवितो. अशा घरांत उन्हाळ्यातही थोडे तेल जळतच असते, याची नव्या घरमालकास कल्पना नसते.

एका गॅलन तेलात सुमारे १,३८,५०० बीटीयू उष्णता असते. ती सगळी घरास मिळत नाही. काही धुराड्यावाटे निघून जाते. ज्या यंत्राची कार्यक्षमता ७० टक्के आहे, त्यात दर १०० गॅलनांतील ३० गॅलन आकाशात जातात. चांगल्या नव्या यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या वर असते.

भाव हाती नाही, खप हाती आहे

या तेलाचा भाव जागतिक बाजारातील खनिज तेलामागे धावतो. २०२०-२१ च्या हिवाळ्याच्या प्रारंभी तो गॅलनमागे अडीच डॉलरच्या खाली होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये तो पाच डॉलरच्या वर गेला. वर्षाला ८०० गॅलन जाळणाऱ्या घराच्या दृष्टीने हा फरक दोन हजार डॉलरांचा होतो, आणि त्यावर त्या घराचे काहीही नियंत्रण नसते. नियंत्रण असते ते गॅलनांच्या संख्येवर. म्हणून आपला खप मोजणे ही काटकसरीची पहिली पायरी होय.

त्यासाठी तेलविक्रेते जे माप वापरतात, तेच घरमालकानेही वापरावे. त्याला 'डिग्री डे' म्हणतात. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटपेक्षा (सुमारे १८ अंश सेल्सिअस) जितके अंश कमी, तितके त्या दिवसाचे डिग्री डे. सरासरी ३० अंश फॅरनहाइट असेल, तर ३५ डिग्री डे झाले. बॉस्टनमध्ये वर्षाची ही बेरीज सुमारे साडेपाच हजार होते. दोन वेळा टाकी भरण्याच्या दरम्यानचे डिग्री डे जळलेल्या गॅलनांनी भागले, की त्या घराचा गुणांक मिळतो. विक्रेते त्याला 'के-फॅक्टर' म्हणतात आणि त्यावरूनच न बोलावता टँकर कधी पाठवायचा हे ठरवितात.

समजा, एका घराचा गुणांक ७ आहे. सरासरी ३० अंशांच्या दिवशी त्यास ५ गॅलन लागतील. भरलेली टाकी अशा ५० दिवसांना पुरेल. काटा पाव टाकीवर आला, की सुमारे १३ दिवस उरले. कडाका वाढून सरासरी १५ अंशांवर उतरली, तर नऊच. हा गुणांक वहीत टिपून ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. घरातील वावर तोच असताना तो ७ वरून ६ वर आला, तर बर्नर मळला आहे किंवा कोठेतरी तेल वा उष्णता गळते आहे, असे समजावे.

काटकसरीचा क्रम

खर्च कमी करण्याच्या उपायांत क्रम महत्त्वाचा आहे. अनेक जण प्रथम नव्या यंत्राचा विचार करतात. वास्तविक स्वस्त उपाय आधी आणि महाग उपाय नंतर, हे धोरण योग्य.

पहिला उपाय थर्मोस्टॅटचा. नैसर्गिक वायूच्या टंचाईच्या काळात, फेब्रुवारी १९७७ मध्ये, अध्यक्ष जिमी कार्टर यांनी लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवरून देशास आवाहन केले होते : दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर भागवा. एवढे कठोर होण्याची गरज नाही. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या मते रोज आठ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइटने उतरविल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. मात्र घरात तान्हे मूल किंवा वृद्ध आई-वडील असतील, तर ही काटकसर त्यांच्या खोलीत करू नये. भारतातून हिवाळ्यात आलेल्या ज्येष्ठांना तर थंडीची सवयही नसते. रिकामे घरदेखील ५५ अंशांच्या खाली नेऊ नये. नळांतील पाणी गोठून ते फुटतात आणि मग बचतीच्या कित्येक पट नुकसान होते.

दुसरा उपाय फटी बुजविण्याचा. उबदार हवा वर चढते, माळ्यावरील फटींतून निसटते आणि तिच्या जागी तळघराच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. उंच धुराड्यात हवा खेचली जावी तसाच हा प्रकार आहे. म्हणून खिडक्यांआधी माळ्याकडे पाहावे : माळ्याचे झाकण, दिव्यांची आणि नळांची भोके, धुराड्याभोवतीची पोकळी. धुराड्यालगत मात्र न जळणारे साहित्यच वापरावे. फटी बुजविल्यानंतरच माळ्यावर उष्णतारोधक थर घालावा. थंड प्रदेशासाठी तो 'आर-४९' ते 'आर-६०' इतका असावा, अशी शिफारस आहे. जुन्या घरांत त्याच्या निम्माही नसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये 'मास सेव्ह' या कार्यक्रमाद्वारे घराची अशी तपासणी विनामूल्य होते. तिचा लाभ अवश्य घ्यावा.

तिसरा उपाय वार्षिक देखभालीचा. नॉझल आणि गाळणी बदलणे, काजळी काढणे आणि ज्वलन तपासणे ही कामे उन्हाळ्यात उरकावीत. कारागीर मोकळे असतात. यंत्र बदलणे हा चौथा उपाय. ७० टक्क्यांच्या जागी ८७ टक्के कार्यक्षमतेचे यंत्र बसविल्यास ८०० गॅलनांचा खप सुमारे ६४५ वर येतो. परंतु फटी आधी बुजविल्या, तर लहान यंत्रही पुरते. क्रमाचे महत्त्व ते हेच.

करार आणि विजेचा पर्याय

विक्रेते उन्हाळ्यात पुढील हिवाळ्याचे करार देऊ करतात. कायम भावाच्या करारात चढ-उताराचा संबंध राहत नाही; कमाल भावाच्या करारात भाव चढला तरी मर्यादा ओलांडत नाही आणि उतरला तर लाभ मिळतो, पण त्यासाठी शुल्क द्यावे लागते. कायम भाव हा नेहमीच फायद्याचा असतो असे नाही. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, तेव्हा धास्तावून ज्यांनी भाव बांधून घेतला, त्यांनी डिसेंबरात तेच तेल चाळीस डॉलरच्या खाली आलेले पाहिले. मासिक हप्त्यांची योजना भाव कमी करीत नाही. मात्र जानेवारीचा धक्का बारा महिन्यांत वाटून देते.

विजेशी तुलना करताना हिशेब नीट करावा. ८५ टक्के कार्यक्षम यंत्रात एक गॅलन तेल जी ऊब देते, तीसाठी साध्या विजेच्या हीटरला साडेचौतीस युनिटे लागतात. युनिटला ३० सेंट धरल्यास ते दहा डॉलरहून अधिक होतात. म्हणजे हीटरने सारे घर तापविणे परवडणारे नाही. बाकीचे घर गार ठेवून एका खोलीपुरता तो उपयोगी आहे. उष्मापंप, अर्थात 'हीट पंप', बाहेरच्या हवेतील उष्णता आत खेचतो. विजेच्या एका युनिटामागे अडीच युनिटे ऊब धरली, तर तेच काम सुमारे चौदा युनिटांत, चार डॉलरच्या किंचित वर होते. तेल चारच्या खाली असेल तर तेल स्वस्त, बरेच वर असेल तर उष्मापंप. मेन राज्याने २०२५ पर्यंत एक लाख उष्मापंप बसविण्याचे ठरविले होते. ते लक्ष्य २०२३ मध्येच गाठले गेले. अनेकांनी जुने तेलयंत्र कडाक्याच्या दिवसांसाठी जागेवरच ठेवले आहे. अशा खरेदीवर मिळणारी केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. राज्यांच्या योजना वेगळ्या तपासाव्यात.

टाकीची जोखीम

जुने घर घेताना अंगणात पुरलेली टाकी आहे काय, याची तपासणी करारापूर्वी करून घ्यावी. न्यू जर्सीत हा प्रश्न विशेष आहे. पुरलेली टाकी गंजून गळली, तर माती काढून नेण्याचा खर्च घरमालकावर येतो आणि घराच्या नेहमीच्या विम्यात तो बहुधा समाविष्ट नसतो. टाकी काढून टाकली, तर भिंतीबाहेरील भरण्याचा नळही काढावा. तो तसाच राहिल्याने चुकून आलेल्या टँकरने तळघरात तेल ओतल्याचे प्रकार घडले आहेत. बर्नर न पेटल्यास 'रिसेट'चे बटण पुन:पुन्हा दाबू नये. आत साचलेले तेल एकदम भडकते. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक प्रत्येक मजल्यावर असावा.

टाकी कोरडी पडते तेव्हा

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू गरीब कुटुंबांची आहे. वीज आणि वायू पुरविणाऱ्या कंपन्यांवर हिवाळ्यात बंधने असतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात आर्थिक अडचणीतील घराचा पुरवठा त्यांना तोडता येत नाही. तेलाचे तसे नाही. तेथे कोणी काही तोडत नाही. टाकी केवळ रिकामी होते. बरेच विक्रेते १०० गॅलनांपेक्षा कमी तेल पोहोचवीत नाहीत, किंवा त्यासाठी जादा आकारतात. ज्याच्याकडे एका वेळी तीन-चारशे डॉलर नाहीत, तो पंपावरून कॅनमध्ये डिझेल आणून टाकीत ओततो. तांत्रिकदृष्ट्या ते तात्पुरते चालते, परंतु भाव अधिक पडतो. ज्याची ऐपत कमी, त्यालाच ऊब महाग पडते. ओव्हन उघडा ठेवून खोली तापविण्याचा जीवघेणा मार्ग अशाच वेळी पत्करला जातो.

यासाठी १९८१ च्या कायद्यान्वये 'लाइहीप' ही केंद्रीय साहाय्य योजना आहे. १९७६ पासून घरांच्या फटी बुजवून उष्णतारोधन करून देणारी दुसरी योजनाही आहे. दोन्हींचे अर्ज स्थानिक संस्थांमार्फत होतात. निधी मर्यादित असल्याने शरद ऋतूतच अर्ज करावा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले, तेव्हा 'लाइहीप'चा निधी राज्यांना नेमका थंडीच्या तोंडावर उशिरा मिळाला. अशी वेळ आल्यास विक्रेत्याशी आधीच बोलून हप्ते ठरवून घेणे आणि टाकी पाव भाग उरलेली असतानाच मागणी नोंदविणे, हेच हाती राहते.

हिवाळ्यातील खर्चाचे बरेचसे निर्णय अशा रीतीने उन्हाळ्यात आणि माळ्यावर होत असतात. नव्या घरमालकाने पहिल्या वर्षी एवढे तरी करावे : टाकीच्या काट्याशेजारी एक वही टांगावी आणि प्रत्येक भरणीची तारीख, गॅलन आणि भाव तीत लिहावा. दुसऱ्या हिवाळ्यात तीच वही त्यास योग्य सल्ला देईल.