बंदूक नेमकी कशाला म्हणायचे? रुगर १०/२२ आणि सुट्या भागांचा इतिहास

१/ १९६४ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका कंपनीने छोटी अर्धस्वयंचलित रायफल बाजारात आणली. किंमत साडेचोपन्न डॉलर. आज त्याच आराखड्याची रायफल मूळ कंपनीचा एकही भाग न वापरता उभी करता येते. हे कसे घडले आणि त्यातून कायद्यापुढे कोणता पेच उभा राहिला, त्याचा हा इतिहास.

२/ आरंभ काडतुसापासून. रिमफायर काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी नसून त्याच्या कडेत भरलेले असते. बंदुकीतील सुई त्या कडेवर आदळली की बार उडतो. १८४५ च्या सुमारास फ्रान्समधील लुई फ्लोबेर यांनी घरातल्या नेमबाजीसाठी या जातीचे काडतूस घडवले. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ते रिव्हॉल्व्हरसाठी आणले.

३/ सुईच्या आघाताने कडा चेपली जावी म्हणून टरफलाचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. म्हणून या काडतुसाचा धक्का कमी, आवाज कमी, किंमतही कमी. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने आणलेले ‘.२२ लाँग रायफल’ जगभर पसरले. आपल्याकडील एनसीसीच्या छात्रांनी नेमबाजीचा पहिला धडा गिरवला तो याच ‘पॉइंट टू-टू’वर.

४/ अर्धस्वयंचलित म्हणजे काय? सुटलेल्या बाराच्या जोरावरच रिकामे टरफल बाहेर पडते व नवे काडतूस आत सरकते. मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो. विंचेस्टरने १९०३ मध्ये अशी रिमफायर रायफल विकायला काढली. पुढे जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याची रायफल बेल्जियममधील एफएन कारखान्यातून १९१४ पासून बाहेर पडू लागली. त्या रायफली देखण्या होत्या. पण त्यांचे भाग बदलणे हे कसलेल्या कारागिराचेच काम होते.

५/ १९४९ मध्ये विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी साउथपोर्ट येथे कंपनी स्थापन केली. स्टर्म यांचे पन्नास हजार डॉलर हे भांडवल, आणि साडेसदतीस डॉलरचे .२२ पिस्तूल हे पहिले उत्पादन. दोनच वर्षांत स्टर्म निवर्तले. कंपनीच्या बोधचिन्हातील लाल गरुड त्यांच्या स्मरणार्थ काळा झाला.

६/ १९६४ ची रायफल रुगर आणि हॅरी सेफ्राइड यांनी घडवली. नाव १०/२२: दहा काडतुसांचे मॅगझिन आणि .२२ ची नळी. मॅगझिनमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात बसतात, म्हणून ते दस्त्याच्या खाली लोंबत नाही. ही कल्पना जुन्या सॅव्हेज ९९ रायफलीतही होती आणि रुगर त्या रायफलीचे चाहते होते.

७/ खरी क्रांती मात्र डोळ्यांत न भरणाऱ्या जागी होती. इतर रायफलींची नळी सहसा आटे पाडून घट्ट पिळून बसवलेली असे. १०/२२ ची नळी एका ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी जखडलेली होती. चापाची सगळी यंत्रणा एकाच पेटीत सामावली होती. कारखान्यात जुळणी स्वस्त आणि झटपट व्हावी, हा या सोयीचा मोठा लाभ. तीच सोय ग्राहकाच्या हाती पडली.

८/ भागांच्या अदलाबदलीचे स्वप्न जुनेच होते. १७८५ मध्ये पॅरिसजवळ ओनोरे ब्लां यांनी बंदुकीच्या कळांचे सुटे भाग मांडून ठेवले. थॉमस जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून कळा जुळवून पाहिल्या. १८२० च्या दशकात हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल यांनी हे तंत्र प्रत्यक्ष उत्पादनात उतरवले. तिथे हेतू सैन्याच्या दुरुस्तीचा होता. १०/२२ ने तेच तत्त्व हौशी ग्राहकाच्या आवडीनिवडीला जोडले.

९/ याच सुमारास कायदाही बदलला. १९३८ च्या अमेरिकी कायद्यात ‘बंदूक’ या शब्दात तिचे सुटे भागही येत. प्रत्येक बारीक भागावर नियंत्रण ठेवणे अव्यवहार्य ठरले, म्हणून १९६८ च्या कायद्याने सुट्या भागांपैकी फक्त सांगाड्याला, म्हणजे ‘फ्रेम’ वा ‘रिसीव्हर’ला, बंदुकीचा दर्जा दिला. अनुक्रमांक त्यावर, नोंद त्याची. नळी, दस्ता, चाप हा कायद्याच्या दृष्टीने निव्वळ माल उरला.

१०/ सुटसुटीत आराखडा आणि मोकळा कायदा यांच्या संगमावर एक बाजारपेठ उभी राहिली. कोणी जाड वजनदार नळ्या केल्या, कोणी लाकडी थरांचे दस्ते, कोणी हलके चाप. आयोवातील व्होल्क्वार्टसेन, टेक्ससमधील किड अशा कंपन्या तर थेट रिसीव्हरही बनवू लागल्या. मूळ रायफलीच्या कितीतरी पट खर्च तिच्या भागांवर करणारे शौकीन निपजले. मूळ कंपनीची मक्तेदारी राहिली नाही. तिचा आराखडा मात्र मानक ठरला.

११/ हौशीला दुसरी बाजूही होती. १९८९ मध्ये खुद्द रुगर यांनी पंधराहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी सुचवणारे पत्र काँग्रेस सदस्यांना पाठवले आणि बंदूकप्रेमींचा रोष ओढवून घेतला. १९९४ च्या बंदीतून १०/२२ ला नावानिशी सूट मिळाली; पण अट होती, दस्ता घडीचा नसावा. बंदूक तीच; एका भागाने तिची कायदेशीर जात बदलली.

१२/ पुढचा पेच अधिक गंभीर होता. ‘एकिन्स ॲक्सिलरेटर’ हे उपकरण १०/२२ साठी विकले जाई. त्याने अर्धस्वयंचलित रायफल सलग मारा करी. सरकारी खात्याने आधी मान्यता दिली आणि २००६ मध्ये ती फिरवून त्याला मशीनगन ठरवले. ‘बंप स्टॉक’ या जवळच्या जातीच्या दस्त्यांवर २०१७ च्या लास व्हेगास हत्याकांडानंतर बंदी आली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

१३/ २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने जुळणीसाठी विकल्या जाणाऱ्या काही संचांनाही बंदुकीचा कायदा लागू होऊ शकतो, असे ७ विरुद्ध २ मतांनी मान्य केले. १९६८ मध्ये सोपी वाटलेली व्याख्या अजूनही न्यायालयात तासली जात आहे.

१४/ भारताने वेगळी वाट धरली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भाग, इतकेच नव्हे तर शस्त्रे घडवणारी यंत्रेही येतात. त्यामुळे अमेरिकेतील ही भागांची बाजारपेठ इथे उभी राहू शकली नाही. अमेरिकेने १९३८ मध्ये धरलेली आणि पुढे सोडून दिलेली भूमिका भारतात आजही कायद्यात आहे.

१५/ जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर शेवटी ते तेच जहाज राहते का, हा ग्रीकांचा जुना प्रश्न. तत्त्वज्ञांना तो अनुत्तरित ठेवण्याची मुभा आहे. कायद्याला नाही, त्याला एका तुकड्यावर बोट ठेवून ‘ही बंदूक’ असे म्हणावेच लागते. ते बोट कुठे ठेवायचे, यावरच साडेचोपन्न डॉलरच्या त्या रायफलीचा पुढचा सारा इतिहास घडला.