मोगली एरंडाचं उड्डाण

कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाचं कौतुक कोकणात किंवा देशावर कुणी फारसं केलेलं नाही. फांदी तोडून बांधावर खोचली की जगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत, एवढ्या गुणांवर त्याची नेमणूक झालेली. पोरांना मात्र त्याचा लळा. देठ मोडला की चीक येतो. गवताच्या काडीचा फास करून त्यात चिकाचा पडदा धरायचा, हळूच फुंकर मारायची आणि फुगे सोडायचे. बिया विषारी, त्यामुळे पाठोपाठ घरातून ओरडाही ठरलेला.

झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते केप व्हर्द बेटांवर आणि तिथून पुढे आफ्रिका-आशियात पसरलं. एकोणिसाव्या शतकात याच बेटांवरून त्याच्या बिया लिस्बनला जात. तेल दिव्यात जळे आणि साबणात मुरे.

आपल्याकडे त्याचं पीक करायचं मनावर घेतलं ते नाशिकच्या विनायकदादा पाटलांनी. निलगिरीची शेती शेतकऱ्यांच्या गळी उतरवणारे हे वनशेतीचे पुरस्कर्ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मोगली एरंडाकडे वळले. १९९१ साली त्यांनी सहलेखकासह लिहिलेलं या पिकावरचं इंग्रजी पुस्तक नाशिकहूनच निघालं. दिल्लीला मोगली एरंडासाठीचा ‘जट्रोफा’ हा शब्द तोंडपाठ व्हायला अजून दहा-बारा वर्षं अवकाश होता.

तो झाला तेव्हा मात्र अगदी तारसप्तकात झाला. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के जैवडिझेल मिसळून धावली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने ११२ लाख हेक्टरवर जट्रोफाच्या लागवडीचं गणित मांडलं. राष्ट्रपती अब्दुल कलाम भाषणांतून त्याचा पुरस्कार करत होते. सगळ्यांच्या हिशेबाचा पाया एकच होता: पडीक, मुरमाड जमीन, पाणी नको, खत नको आणि तेल मात्र भरपूर.

विमान कंपन्यांना हा हिशेब भुरळ घालणारच होता. मोटारीला बॅटरी चालते. चार-पाचशे माणसं घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या विमानाला तेवढ्या वजनात तेवढी ऊर्जा देणारी बॅटरी मिळत नाही. विमानाचं इंधन म्हणजे नीट शुद्ध केलेलं रॉकेलच. ते उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये. घाण्यावरचं तेल तसंच टाकीत ओतून भागत नाही. हायड्रोजनच्या साहाय्याने त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, मग लांब साखळ्या तोडून-वळवून रॉकेलच्या घडणीच्या कराव्या लागतात. एवढं केलं की इंजिनाला फरक कळत नाही. धुराड्यातून कार्बन तेवढाच बाहेर पडतो. फरक इतकाच की झाडाने तो काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो.

२००८च्या जुलैत खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत भडकलं आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला एअर न्यूझीलंडचं बोइंग ७४७ ऑकलंडहून उडालं. चारपैकी एका इंजिनात निम्मं नेहमीचं इंधन, निम्मं मोगली एरंडाचं. बिया मलावी, मोझांबिक, टांझानिया आणि भारतातून आलेल्या. आकाशात इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यापर्यंत सगळ्या परीक्षा घेतल्या गेल्या. इंजिन पास झालं. २०११च्या जुलैत अशा तेलांपासूनच्या इंधनाला ५० टक्क्यांपर्यंत मिसळायची आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली.

नापास झालं ते शेत. मुरमाड जमिनीत झाड जगलं, पण फळ धरेना. पाणी-खत दिलं तर फळलं. पण मग त्याच पाण्यावर शेतकरी ज्वारी-कपाशी का घेणार नाही? एकाच झाडावर हिरवी, पिवळी, काळी फळं एकाच वेळी लटकलेली, त्यामुळे तोडणी हाताने आणि पुन्हा पुन्हा करावी लागे. पेंड विषारी, गुरांना घालायची सोय नाही. ब्रिटिश पेट्रोलियमने २००७ मध्ये डी-वन ऑइल्स या कंपनीशी भागीदारी करून चार वर्षांत १० लाख हेक्टरचा बेत जाहीर केला होता. २००९ मध्येच ब्रिटिश पेट्रोलियम बाजूला झाली. कुंपणावरच्या चार झाडांचा गुण हजारो हेक्टरला लागू पडेल असं धरून चालणं, हीच मुळातली चूक होती. ती प्रयोगशाळेतली नव्हती, कागदावरची होती.

तरी झाडाने एकदा भारतातही विमान उडवलंच. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचं ७८ आसनी विमान डेहराडूनहून दिल्लीला आलं. एका इंजिनात २५ टक्के जैवइंधन होतं. ते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने बनवलं होतं आणि त्यामागे छत्तीसगडमधली सुमारे ५०० शेतकरी कुटुंबं होती. पुढच्या प्रजासत्ताक दिनी हवाई दलाचं एएन-३२ राजपथावरून १० टक्के मिश्रणावर गेलं.

आता भर दुसऱ्याच मालावर आहे: वडे-भजी तळून काळं झालेलं तेल आणि साखर कारखान्यांकडचं अल्कोहोल. अल्कोहोलच्या वाटेवर पुण्याची प्राज इंडस्ट्रीज पुढे आहे. तिने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं इंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी एअर एशिया इंडियाचं प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. इथेही तोच जुना प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो, कारण मराठवाड्यातल्या उसाला लागणारं पाणी कुणाच्या हिशेबातून सुटणारं नाही.

जगभरात २०२४ मध्ये असं इंधन जेमतेम १० लाख टन तयार झालं, म्हणजे एकूण विमान इंधनाच्या ०.३ टक्के. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्क्यांची सक्ती केली आहे. भारताने २०२७ साठी १ टक्का आणि २०२८ साठी २ टक्के असं उद्दिष्ट ठेवलं आहे, तेही सुरुवातीला फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरतं. पुणे-दिल्ली विमान त्यात येत नाही.