घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागतो कुठून? पेन ड्राईव्ह, ‘क्रॅक’ विंडोज आणि फोनवरचा भामटा

आता गावागावात कॉम्प्युटर आणि लॅपटॉप आलेत. कुणी पोराच्या डिप्लोमासाठी घेतलेला, कुणी बचत गटाचा नाहीतर डेअरीचा हिशोब ठेवायला, कुणी पुण्या-मुंबईतून सेकंड हँड आणलेला. त्याच्यावरच महाडीबीटीचा अर्ज भरला जातो, सातबारा काढला जातो, नेट बँकिंग उघडलं जातं आणि लग्नाचे फोटोही त्यातच पडून असतात. व्हायरस लागला की मशीन दुकानात जातं, दुकानदार म्हणतो ‘फॉरमॅट मारावा लागेल’, आणि पाच-सहा वर्षांचा हिशोब एका दुपारीत साफ होतो. हे टाळता येतं, आणि बहुतेक वेळा त्याला पैसेही लागत नाहीत.

व्हायरस म्हणजे दुसरं काही नाही, कुणीतरी वाईट हेतूने लिहिलेला प्रोग्राम. काही व्हायरस सगळ्या फाईलींना कुलूप लावून खंडणी मागतात, त्यांना रॅन्समवेअर म्हणतात. काही गुपचूप बसून पासवर्ड चोरतात. दुसरी जात जास्त धोक्याची, कारण तिच्यात स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कळतं ते खात्यातून पैसे गेल्यावर. घरच्या कॉम्प्युटरमध्ये हे बहुतेक वेळा भिंत फोडून शिरत नाहीत. घरातल्याच कुणीतरी न कळत दार उघडून त्यांना आत घेतलेलं असतं. ती दारं मोजकीच आहेत.

झेरॉक्सच्या दुकानातला पेन ड्राईव्ह

गावाकडे सगळ्यात जुनं दार हेच. प्रिंट काढायला पेन ड्राईव्ह घेऊन तालुक्याला जायचं, तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राईव्ह लागलेले. घरी येऊन लावला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसतात, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण. फाईली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, व्हायरसने त्या लपवलेल्या असतात आणि त्यांच्या जागी स्वतःला बसवलेलं असतं. विंडोज ७ पासून पेन ड्राईव्हमधला प्रोग्राम आपोआप सुरू होत नाही, म्हणूनच तो फोल्डरचं सोंग घेतो आणि तुमच्या डबल क्लिकची वाट बघतो.

म्हणून बाण दिसला तर क्लिक करू नका. पेन ड्राईव्हच्या नावावर राईट क्लिक करून आधी ‘स्कॅन’ करा. प्रिंटसाठी एक पेन ड्राईव्ह वेगळाच ठेवावा, त्यात फक्त प्रिंट काढायची फाईल असावी. हिशोबाचा पेन ड्राईव्ह बाहेर न्यायचाच नाही. त्याहून सोपं म्हणजे पीडीएफ दुकानदाराला मोबाईलवरून पाठवणं. फक्त आधार किंवा पासबुक पाठवलं असेल तर प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करून घ्यावं. लाजायचं काही कारण नाही.

फुकटच्या विंडोजची किंमत

याच्यावर कुणी फारसं बोलत नाही, पण घरोघरचा मोठा रोग हाच आहे. दुकानात फॉरमॅट मारला की बरेचदा चोरीची विंडोज आणि चोरीचं ऑफिस टाकून मिळतं. ते चालू करायला ‘ॲक्टिव्हेटर’ किंवा ‘क्रॅक’ नावाचा प्रोग्राम लागतो, आणि तो टाकताना पहिली सूचना असते: अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे राखणदाराला घरी पाठवायचं आणि मग अनोळखी माणसाला खळ्यात झोपायला सांगायचं. असल्या क्रॅकमध्ये पासवर्ड चोरणारे व्हायरस घालून ठेवणं हा चोरांचा जुना धंदा आहे.

गंमत म्हणजे पुष्कळांना याची गरजच नसते. दुकानातून नवा लॅपटॉप घेताना त्यात विंडोज आलेली असेल, तर तिचा परवाना आत मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. फॉरमॅट मारून तीच आवृत्ती परत टाकली तर नेटला जोडल्यावर ती आपोआप खरी म्हणून चालू होते. तरीही काही दुकानदार सवयीने होम काढून प्रोची क्रॅक आवृत्ती टाकतात आणि विकत घेतलेला परवाना वाया जातो. दुरुस्तीला देतानाच सांगावं: ‘दादा, जी होती तीच विंडोज टाका, क्रॅक नको.’

आधीच क्रॅक टाकलेला असेल तर एक गोष्ट जरूर तपासा. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘मॅनेज सेटिंग्ज’ आणि तळाला ‘एक्सक्लूजन्स’. अँटिव्हायरसने कुठे बघायचंच नाही, त्याची यादी तिथे असते. तुम्ही स्वतः काही टाकलं नसताना तिथे एखादं फोल्डर दिसत असेल तर ते काढा आणि पूर्ण स्कॅन लावा.

ऑफिसच्या जागी लिबरऑफिस फुकट आणि कायदेशीर मिळतं, डेअरीच्या हिशोबाला ते पुरतं. मराठी टायपिंगसाठीही क्रॅक फॉन्टची गरज राहिली नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आणि मंगल फॉन्ट मुळातच आहेत, भाषेच्या सेटिंगमधून चालू करायचे एवढंच.

अपडेट का करायचं

नेटपॅक जातो म्हणून अपडेट बंद ठेवणारे खूप. त्यांच्यासाठी एक उदाहरण. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा रॅन्समवेअर सुटला आणि दीडशेहून जास्त देशांतले कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले. सुरुवातीला ३०० डॉलरची खंडणी तो बिटकॉईनमध्ये मागत होता. याला मात्र कुणी क्लिक करायचीही गरज नव्हती, विंडोजमधल्या एका भगदाडातून तो आपोआप पसरायचा. ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्यात तो त्या वाटेने शिरू शकला नाही. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याचं मायक्रोसॉफ्टने ठरवलं. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नसेल तर लिनक्स मिंटसारखी फुकट सिस्टीम टाकता येते. तेही जमत नसेल तर त्या मशीनवर पोरांनी अभ्यास करावा, गाणी ऐकावीत, पण बँक उघडू नये.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

घरच्या वापराला विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच असलेला डिफेंडर बहुतेकांना पुरतो; तो फुकट आहे, फक्त चालू पाहिजे आणि अपडेट पाहिजे. सेवा केंद्र, झेरॉक्स, फोटो स्टुडिओ अशा ठिकाणी, जिथे दिवसभर परक्यांचे पेन ड्राईव्ह लागतात, तिथे विकतचा घ्यायला हरकत नाही. (गावोगावी माहीत असलेली क्विक हील ही कंपनी पुण्याची. ती उभी करणारे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. त्यातल्या कैलास काटकरांची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून झाली.) दोन अँटिव्हायरस मात्र एकदम टाकू नयेत, मशीन बैलगाडीसारखं चालतं. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायल अँटिव्हायरसची मुदत संपली असेल तर तो काढून टाका, म्हणजे डिफेंडर परत कामाला लागतो.

केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून सुरू आहे. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या त्यांच्या वेबसाईटवर व्हायरस काढायची फुकट साधनं मिळतात. सी-डॅकचं ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथे आहे, ते टाकलं की कुणीही उठून पेन ड्राईव्ह लावू शकत नाही.

स्क्रीनवर भोंगा वाजला तर

एखादी वेबसाईट उघडताच लाल पडदा येतो, भोंगा वाजतो आणि लिहून येतं: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ हा व्हायरस नसतो, नुसतं भीती घालणारं पान असतं. मायक्रोसॉफ्ट असा फोन नंबर दाखवत नाही. ऑल्ट आणि एफ-४ ही बटणं एकत्र दाबून ते पान बंद करा. नाहीच झालं तर सरळ मशीन बंद करून चालू करा.

फोन केलात तर पलीकडचा गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगतो. ही ॲप मुळात वाईट नाहीत, दूरचा इंजिनिअर त्यावरून दुरुस्ती करतो. पण त्यातला आकडी कोड सांगून परवानगी दिली की माऊस त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. बँकेचा, वीज कंपनीचा किंवा पीएम किसानचा माणूस म्हणून कुणीही हे ॲप टाकायला सांगितलं तर फोन तिथेच ठेवा.

फाईलींचंही तसंच. ‘बिल’, ‘चलान’, ‘लग्नपत्रिका’ असं नाव असलं म्हणून ती तीच असेल असं नाही. फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा, म्हणजे नावाचं शेपूट दिसेल. बिल पीडीएफ असतं. शेवटी डॉट ईएक्सई असेल तर तो प्रोग्राम आहे, बिल नव्हे. मोबाईलवर हाच डाव डॉट एपीके नावाने येतो. वेबसाईटचंही शेपूट बघा. महाडीबीटी, महाभूलेख, पीएम किसान या सगळ्यांचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जीओव्ही डॉट इन असा संपतो. योजनेचं नाव आणि पुढे डॉट कॉम किंवा डॉट एक्सवायझेड दिसलं तर तिथे आधार नंबर टाकू नका.

दुसरी प्रत

रॅन्समवेअरने फाईली बंद केल्या तर बहुतेक वेळा त्या उघडत नाहीत, आणि पैसे भरूनही उघडतील याची हमी नसते. म्हणून महत्त्वाच्या फाईलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. प्रत काढून झाली की ती डिस्क लगेच काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली तर तीही कुलूपबंद होते. बचत गटाच्या आणि सोसायटीच्या सचिवांनी तर हे दर महिन्याला करावं, कारण त्यांच्याकडचा हिशोब एकट्याचा नसतो.

लागलाच तर

पहिलं काम, नेट तोडा. मग जमलं तर विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘ऑफलाईन स्कॅन’ लावा. मशीन बंद होऊन चालू होतं आणि लपलेले व्हायरस सापडण्याची शक्यता वाढते. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या चांगल्या मोबाईलवरून. बाधित मशीनवरून बदलले तर नवे पासवर्डही चोराकडेच जातात. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड सेव्ह करून ठेवला असेल तर तो आधी बदला.

पैसे गेले असतील तर दुकान शोधत बसू नका. १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे जायच्या आत रोखता आले तरच हाती लागतात, म्हणून तासाभराचा उशीरही महाग पडतो. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवता येते, जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून बाहेरच्या कुणाची असेल आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान त्याच्यावर पडत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच धरलं जातं. कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेच्या माथी. म्हणून तक्रारीचा नंबर, व्यवहाराचा नंबर, मेसेज आणि स्क्रीनचा फोटो जपून ठेवा, आणि बँकेत दिलेल्या अर्जावर पोहोच घ्या.