बीजकोशाची गाठ आणि वाट पाहण्याचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास शिकताना आपण बहुधा यंत्रापासून सुरुवात करतो. ते कोणी शोधले, कधी शोधले आणि पुढे त्यात कोणत्या सुधारणा झाल्या, असा तो क्रम असतो. या पाठात आपण दुसऱ्या टोकाने सुरुवात करू. एक आजार घेऊ आणि तो झालेल्या स्त्रीला कोणत्या काळात किती थांबावे लागले, आणि का, हे पाहू. आजार आहे बीजकोशाची, म्हणजे अंडाशयाची, गाठ. बोलीभाषेत तिला 'पाण्याची गाठ' किंवा नुसते 'सिस्ट' म्हणतात.

आधी गाठ म्हणजे काय ते थोडक्यात समजून घ्या. बीजकोशात दर महिन्याला बीज पक्व होते ते द्रवाने भरलेल्या एका लहान पिशवीत. कधी ही पिशवी फुटत नाही, कधी फुटल्यावर पुन्हा भरते, आणि गाठ तयार होते. अशा बहुतेक गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात. काही मात्र विरत नाहीत. काहींत जुने रक्त साठलेले असते, काहींत चरबी आणि केस, काहींत चिकट द्रव. त्या टिकून राहतात, काही वाढतात, आणि थोड्या गाठी कर्करोगाच्याही असतात. तुमच्यापैकी अनेकींनी 'पीसीओडी' हा शब्द ऐकला असेल. तो संप्रेरकांशी निगडित वेगळा विषय आहे. येथे आपण एकट्या, टिकून राहणाऱ्या गाठीबद्दल बोलत आहोत.

१. फक्त पाणी काढण्याचा काळ

लंडनच्या बनहिल फील्ड्स दफनभूमीत डेम मेरी पेज यांची समाधी आहे. त्यांचा मृत्यू १७२८ साली झाला. समाधीवर त्यांच्या आजाराचा हिशेब कोरला आहे. ६७ महिन्यांत ६६ वेळा त्यांच्या पोटातून पाणी काढले, आणि ते एकूण २४० गॅलन भरले. आजच्या मापात हे ९०० लिटरहून अधिक होते. भागाकार करून पाहा: दर महिन्याला एकदा, आणि दर वेळी साधारण १४ लिटर. इतके सोसूनही त्यांनी कधी कुरकुर केली नाही, असेही तेथे लिहिले आहे. समाधीवर आजार जलोदर एवढाच सांगितला आहे. नंतरच्या काही डॉक्टरांनी त्यामागे बीजकोशाची गाठ असावी असा अंदाज बांधला.

त्या काळी पोटात गाठ असो वा पाणी, उपाय एकच होता: पोकळ सुई घालून पाणी काढायचे. काही दिवस श्वास मोकळा होई, आणि मग पोट पुन्हा भरे. पोट उघडले तर रोगी मरतोच, असे वैद्यक मानत होते. म्हणून थांबणे हाच उपचार होता, आणि ते थांबणे कुठे संपेल हे कोणालाच सांगता येत नव्हते.

२. घोड्यावरून साठ मैल

१८०९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या स्त्रीचे पोट खूप वाढले होते. वय चाळिशीच्या पुढे. दिवस भरून गेलेले गरोदरपण असावे असा समज होता. डॅनव्हिल येथील शल्यवैद्य इफ्रेम मॅकडॉवेल यांनी तपासले आणि हे बाळ नसून बीजकोशाची गाठ आहे असे सांगितले. अशी गाठ काढण्याचा प्रयोग यशस्वी झाल्याचे त्यांना माहीत नव्हते, आणि तेही त्यांनी तिच्यापासून लपवले नाही. तिने होकार दिला. थंडीच्या दिवसांत, खोगिरावर गाठीचा भार टेकवत, ती सुमारे ६० मैल घोड्यावरून डॅनव्हिलला आली.

शस्त्रक्रिया नाताळच्या दिवशी मॅकडॉवेल यांच्या घरी झाली. भूल देण्याचा शोध तेव्हा लागला नव्हता. ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक बॉस्टनमध्ये झाले ते १८४६ साली. सुमारे २५ मिनिटांत गाठ निघाली. वजन साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंहून जास्त. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले तर ती स्वतःचे अंथरूण आवरत होती. त्यानंतर ती ३२ वर्षे जगली.

आता याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. मॅकडॉवेल यांनी १८१७ साली तीन शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिली रुग्ण श्रीमती क्रॉफर्ड. उरलेल्या दोघी कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, आणि राज्यात तेव्हा गुलामगिरी होती. त्या लेखात त्यांची नावे नाहीत. धाडसी रुग्ण म्हणून एकीचे नाव इतिहासात राहिले. बाकीच्या दोघींना होकार-नकाराला किती वाव होता, हा प्रश्न वैद्यकाचा इतिहास वाचताना मनात ठेवायला हवा.

३. मोजणी सुरू झाली

एका यशावरून पद्धत सिद्ध होत नाही. पुढची अनेक वर्षे ही शस्त्रक्रिया म्हणजे खून आहे असे म्हणणारे डॉक्टर होते, आणि मृत्यूंचे प्रमाण पाहता त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. हे बदलण्यात लंडनच्या समॅरिटन रुग्णालयातील स्पेन्सर वेल्स यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १८५८ मध्ये पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि १८८० पर्यंत हजाराचा आकडा गाठला. हातातले कसब हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाचलेल्या रुग्णांबरोबर दगावलेल्यांचीही नोंद त्यांनी प्रसिद्ध केली. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली. भूल, स्वच्छता आणि प्रामाणिक नोंदवही या तिघांनी मिळून पोट उघडणे शक्य केले. पाठ्यपुस्तकात पहिल्या दोघींना जागा मिळते. तिसरी बहुधा राहून जाते.

४. बॉयलरच्या कारखान्यात

तरीही एक अडचण उरलीच. पोट उघडल्याशिवाय आत द्रव आहे की घट्ट मांस, हे हाताने चाचपून खात्रीने सांगता येत नव्हते. याचे उत्तर अभियांत्रिकीतून आले.

इयान डोनाल्ड हे ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. युद्धकाळात हवाई दलात काम केल्याने रडार आणि सोनार यांची त्यांना ओळख होती. बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीत जोडाच्या आतील भेगा ध्वनिलहरींनी शोधत. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून तेथे गेले. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. पडद्यावर फरक स्पष्ट दिसला.

हा फरक का दिसतो ते समजून घ्या. शरीराच्या मऊ भागातून ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. दहा सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला, जाण्या-येण्याचे मिळून २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १३० मायक्रोसेकंद लागतात. माध्यम बदलते तेथे लहर परतते. द्रवाने भरलेल्या गाठीत माध्यम एकसारखे असते. म्हणून अलीकडच्या भिंतीचा प्रतिध्वनी येतो, मधे शांतता, आणि मग पलीकडच्या भिंतीचा ठळक प्रतिध्वनी. घट्ट गाठीत मात्र आतूनही लहानमोठे प्रतिध्वनी येत राहतात. पोटाच्या सोनोग्राफीला जाताना 'भरपूर पाणी पिऊन या' असे सांगतात त्याचे कारणही हेच. भरलेले मूत्राशय लहरीला वाट देते आणि हवा असलेली आतडी बाजूला सारते.

ही बातमी केल्विन अँड ह्यूज कंपनीतील टॉम ब्राउन या विशीतल्या अभियंत्याच्या कानावर आली आणि तो आपणहून डोनाल्ड यांना भेटला. डोनाल्ड, त्यांचे सहकारी जॉन मॅकव्हिकार आणि ब्राउन यांनी मिळून यंत्र घडवले. याच सुमारास त्यांना एक रुग्ण तपासायला मिळाली. पोट फुगलेले, वजन घटलेले, आणि निदान जठराचा कर्करोग. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे ठरलेले. यंत्राने मात्र द्रवाने भरलेली मोठी गाठ दाखवली. ती बीजकोशाची निघाली, काढता आली, आणि स्त्री वाचली. जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये या तिघांचा लेख आला. मरणाची वाट पाहणाऱ्या बाईची सुटका प्रतिध्वनी मोजल्यामुळे झाली.

५. आपल्याकडचा उशीर

भारतात या उशिराला आणखी एक कारण होते. पुरुष डॉक्टरला दुखणे सांगायचे नाही, दाखवायचे तर नाहीच. १८८३ साली श्रीरामपूर येथे, बंगालमध्ये, आनंदीबाई जोशी यांनी जाहीर भाषणात अमेरिकेला शिकायला का जायचे याची कारणे दिली, त्यात स्त्री डॉक्टरांची निकड हे प्रमुख होते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, वारल्या. १८८६ मध्येच मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

संकोच मात्र संपला नाही. सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण, हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. गर्भलिंग तपासणीच्या गैरवापरामुळे प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि मग १९९४ मध्ये देशाने कायदा केला, तो आवश्यकच होता. पण अविवाहित मुलगी सोनोग्राफी केंद्राबाहेर बसलेली दिसली की नजरा वळतात. 'लग्नानंतर बघू' म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. हा उशीर डॉक्टरकडे पोचण्याच्या आधीच सुरू होतो.

६. थांबण्याचे दोन प्रकार

आता मुख्य मुद्दा. आज डॉक्टर 'काही आठवडे थांबू' म्हणतात तेव्हा ते नेहमी टाळत असतात असे नाही. २०१९ मध्ये 'आयोटा' या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने साध्या दिसणाऱ्या गाठी न काढता दोन वर्षे पाहिलेल्या १९१९ स्त्रियांचे निष्कर्ष दिले. सुमारे २० टक्के स्त्रियांच्या गाठी आपोआप विरल्या. कर्करोग निघण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी होते, आणि गाठीला पीळ पडण्याचेही तसेच. म्हणजे योग्य गाठ निवडून थांबणे हाही उपचार आहे.

पण थांबण्याचे दोन प्रकार असतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या उजव्या बीजकोशावर साडेपाच सेंटिमीटरची गाठ दिसली. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहायचे ठरले. सहा आठवड्यांनी यंत्र बंद होते. मग डॉक्टर रजेवर गेले, मग माझी फाइल सापडेना. दुसरी सोनोग्राफी झाली तोवर पाच महिने उलटले होते आणि गाठ तिथेच होती. मधल्या काळात मी तास घेत होते, पेपर तपासत होते, आणि रात्री कुशीवर वळताना दुखे तेव्हा हे साधे की गंभीर याचा विचार करत होते. शेवटी मी प्रयोगशाळेत ठेवतो तशी वही केली: तारीख, पाळी, दुखण्याची बाजू, किती वेळ, काय घेतले. प्रत्येक अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवली. ती वही समोर ठेवली त्या दिवशी बोलणे दहा मिनिटांत मुद्द्यावर आले. पुढे दुर्बिणीतून गाठ काढली, अहवाल निर्धोक आला. पण त्या पाच महिन्यांना उपचार म्हणता येत नाही. त्यात कोणी काही मोजत नव्हते.

पहिल्या प्रकारच्या थांबण्यात पुढची तारीख असते, मागचे माप असते, आणि काय दिसले तर काय करायचे हे ठरलेले असते. दुसऱ्या प्रकारात नुसता वेळ जातो. मेरी पेज यांच्या काळात दुसरा प्रकार अपरिहार्य होता, कारण ज्ञानच नव्हते. आज तो घडतो तेव्हा कारण व्यवस्थेत शोधावे लागते. म्हणून तुमच्यावर किंवा घरातल्या कोणावर ही वेळ आली, तर तीन प्रश्न विचारा: पुन्हा कधी पाहायचे? तेव्हा कोणते माप तपासायचे? त्याआधी काय झाले तर लगेच यायचे? तिसऱ्याचे उत्तर आत्ताच लक्षात ठेवा. पोटाच्या एका बाजूला अचानक असह्य कळ आली, सोबत उलट्या, चक्कर किंवा ताप असेल, तर तारखेची वाट न पाहता तातडीच्या विभागात जायचे. गाठीला पीळ पडला असेल तर बीजकोश वाचवायला काही तासच हाती असतात.

सारांश

पाणी काढणे, पोट उघडणे, नोंद ठेवणे, प्रतिध्वनी ऐकणे आणि शेवटी विचारपूर्वक थांबणे, असा हा सुमारे तीनशे वर्षांचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर यंत्राइतकेच महत्त्व कोणीतरी स्त्रीचे म्हणणे खरे मानून मोजायला बसण्याला होते.

विचारासाठी प्रश्न

१. स्पेन्सर वेल्स यांनी मृत्यूंचीही नोंद प्रसिद्ध केली. तसे केले नसते तर या शस्त्रक्रियेबद्दलचे मत कसे बदलले असते?
२. १२ सेंटिमीटर खोलीवरील भिंतीचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागेल?
३. तुमच्या गावातून सर्वांत जवळचे सोनोग्राफी केंद्र किती दूर आहे? एखाद्या मुलीला तेथे एकटीने जाता येईल का? नसल्यास कारणे लिहा.