पिलाच्या बदल्यात धान्य

चंद्रपूरच्या माणसाने समुद्री कासवांवर लिहायचं म्हणजे जरा अतीच झालं! आमच्याकडे पाणी म्हणाल तर इरई, वर्धा, वैनगंगा. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. तरीही आजचा विषय थेट समुद्रापर्यंत जातो, आणि त्याला कारण आहे आमच्या टीममधला दापोलीकडचा एक मित्र.

झालं असं, की जेवणाच्या सुट्टीत वेळासच्या कासवांचा विषय निघाला. मी नेहमीच्या अभिमानाने हेमलकशाचं नाव पुढे केलं. त्यावर हा शांतपणे म्हणाला, "अरे, पण आमची कासवं समुद्रात जातात. तुमच्या हेमलकशाचे प्राणी पिंजऱ्यातच आहेत. मग वाचवलं म्हणजे नक्की काय केलं रे?"

प्रश्न खोचक होता, पण चुकीचा नव्हता. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर 'रिलीज'च्या नावाने जगतो. जे काम रिलीजच होत नाही त्याला यशस्वी म्हणायचं का? दोन वीकेंड यावरच वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात १९७३ पासून करू. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपल्या विदर्भातलं मेळघाट होतं. म्हणजे दिल्लीहून प्राणी वाचवायची मोहीम निघाली तेच हे वर्ष. आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला.

आता गंमत बघा. लोकबिरादरी प्रकल्पाचा प्राण्यांशी काहीही संबंध नव्हता. काम होतं माडिया गोंड लोकांच्या आरोग्याचं. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण अर्धवट सोडून तिथे आले, डॉक्टर असलेल्या मंदाताई बरोबर आल्या. आलापल्लीच्या पुढचं जंगल, पावसाळ्यात नदीनाल्यांनी तुटणारा रस्ता, वीज नाही. माडियांची आणि यांची भाषा वेगळी. सुरुवातीला तर पेशंटही येईनात. तिथली शाळा सुरू झाली तीही १९७६ साली.

माडियांची शेती म्हणजे जंगल साफ करून थोडंफार धान्य पेरायचं. ते वर्षभर पुरायचं नाही. मग कंद, फळं, मासे, लाल मुंग्यांची चटणी आणि शिकार. धनुष्यबाण घेऊन गावच्या गाव पारधीला जायचं. इथे शिकार म्हणजे राजेमहाराजांचा शौक नव्हता, संध्याकाळचं जेवण होतं. कायद्याच्या पुस्तकात शिकार गुन्हा झाली होती खरी, पण ते पुस्तक भामरागडच्या पोटापर्यंत पोचलेलं नव्हतं.

अशात सुरुवातीच्याच दिवसांतली ती प्रसिद्ध गोष्ट घडली. प्रकाश आणि मंदाताई जंगलातून चालले असताना समोरून शिकारी आले. मारलेली माकडीण बांबूला बांधलेली, आणि तिच्या छातीला जिवंत पिल्लू चिकटलेलं. मेलेल्या आईचं दूध प्यायची त्याची धडपड चालू होती. हे पिल्लू आम्हाला द्या, असं प्रकाश आमट्यांनी सांगितलं. शिकारी चटकन तयार झाले नाहीत. का होतील? ते पिल्लूही अन्नच होतं की! शेवटी बदल्यात खायचं सामान द्यायचं ठरलं आणि पिल्लू घरी आलं. त्याचं नाव ठेवलं बबली. हेमलकशाच्या प्राणी अनाथालयाची सुरुवात ही अशी झाली.

मला या गोष्टीतलं पिल्लू नाही, तर तो सौदा महत्त्वाचा वाटतो. प्रकाश आमटे तिथे कायद्याचं कलम सांगू शकले असते. प्राणी मारणं पाप आहे असं प्रवचनही देता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. समोरच्या माणसाला भूक आहे हे आधी मान्य केलं आणि मग मागणी केली. पुढे हाच नियम झाला. शिकारीत पिल्लू सापडलं तर मारू नका, आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य घेऊन जा. मग बिबट्याची पिल्लं आली, अस्वलं आली, तरस, कोल्हे, हरणं, साळिंदर, साप, मगरी... अंगणात बिबट्या, माकड आणि कुत्रा एकत्र नांदतायत असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. या प्राण्यांबद्दल विलास मनोहरांचं 'नेगल' नावाचं पुस्तक आहे, मिळालं तर जरूर वाचा. हे सगळं गोडगोड मात्र नव्हतं. साप हाताळताना प्रकाश आमट्यांना घोणस चावली होती आणि जिवावरचं दुखणं झालं होतं.

आता मित्राचा मूळ प्रश्न. सोडले का नाहीत?

याचं उत्तर प्राण्यांच्या बालपणात आहे. बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर असतं. दबा कसा धरायचा, भक्ष्याची मान कुठे पकडायची, माणसाचा वास आला की कुठे दडायचं, हे सगळं तिच्याकडून शिकतं. डोळेही नीट न उघडलेलं पिल्लू माणसाने बाटलीने वाढवलं तर या शिक्षणातलं त्याला काहीच मिळत नाही. उलट एक वाईट गोष्ट मिळते, ती म्हणजे माणसाची भीती न वाटणं. असा बिबट्या मोठा झाल्यावर जंगलात सोडला तर भूक लागल्यावर तो सरळ गावात येणार. मग एकतर माणूस मरणार, नाहीतर तो. म्हणजे सोडणं हीच क्रूरता ठरेल.

कासवाचं बरोबर उलट. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत समुद्रात जाते. पिलांना ती पुन्हा कधी भेटतही नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लू बाहेर आलं की आपलं आपण पाण्याकडे धावतं. शिकवणारं कोणी नाही, सगळं सॉफ्टवेअर कंपनीतूनच भरून आलेलं! म्हणून तर कासवाला वाचवून परत सोडता येतं. डहाणूला वन विभाग आणि प्राणिप्रेमी कार्यकर्ते मिळून कासवांचं उपचार केंद्र चालवतात. मासेमारीच्या जाळ्यात पाय कापलेली, पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली कासवं तिथल्या टाक्यांमध्ये बरी करतात आणि पोहता येऊ लागली की समुद्रात सोडतात. पूर्वी मुंबईकराला कासव बघायचं तर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेआड बघायचं. आता टाकी हा कासवाचा मुक्काम नाही, दवाखाना झालाय.

तेव्हा मित्राचा पहिला मुद्दा निम्मा मान्य. हेमलकशाचे प्राणी परत गेले नाहीत, कारण जाऊ शकत नव्हते. पण वाचवणं म्हणजे फक्त सोडणं, हे मला पटलं नाही. त्यासाठी वेळासचाच इतिहास बघू.

रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करत फिरत होते. तेव्हा वेळासच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात आणि ती अंडी लोक काढून नेतात हे त्यांच्या लक्षात आलं. उरलेली अंडी कुत्री आणि कोल्हे खायचे. कासव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. तरी किनाऱ्यावर काय चाललंय हे बघायला कोण जातंय?

संस्थेने काय केलं? घरटं शोधण्यात सगळ्यात तरबेज कोण, तर अंडी चोरणारा! वाळूवरचा माग बघून खड्डा नक्की कुठे आहे ते त्यालाच कळतं. मग किनारा ज्यांच्या पायाखालचा होता, त्याच गावकऱ्यांना मानधन देऊन राखणदार केलं. पहाटे उठून माग शोधायचा, अंडी अलगद उचलून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, पिल्लं आली की सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावातल्या घरांमध्ये राहू लागले, आणि जिवंत कासवावर गावाचे चार पैसे होऊ लागले. २०२२ च्या जानेवारीत याच वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला, पश्चिम किनाऱ्यावरचा पहिला.

आता हेमलकसा आणि वेळास शेजारी शेजारी ठेवून बघा. हजार किलोमीटरचं अंतर, तीस वर्षांचा फरक, एकीकडे बिबट्या आणि दुसरीकडे कासव. पण पहिली पायरी दोन्हीकडे तीच आहे. जो माणूस त्या प्राण्यावर जगतो त्याला गुन्हेगार न म्हणता त्याच्याशी व्यवहार करायचा. प्रकाश आमट्यांनी धान्य दिलं, काटदऱ्यांनी मानधन दिलं. कायदा दोन्हीकडे आधीपासून होता. चालू झाला तो या व्यवहारानंतर.

इथे माझ्यातला इंजिनिअर एक शंका काढतोच. पिल्लाला धान्य मिळतं म्हटल्यावर लोक मुद्दाम आईला मारून पिल्लं आणणार नाहीत का? कागदावर हा धोका खराच आहे. पण हेमलकशात नगद भाव कधी लावलेला नव्हता. पिल्लू खाऊन जे पोटात जाणार तेवढ्याचीच भरपाई, श्रीमंत होण्यासारखं त्यात काही नव्हतं. शिवाय नुसतं धान्य देऊन ते लोक थांबले नाहीत. त्याच अंगणात दवाखाना होता, शाळा होती, शेतीचे धडे होते. पोरगं तापातून वाचलं की माणूस विश्वास ठेवतो, आणि मग त्याच डॉक्टरचं प्राण्यांबद्दलचं म्हणणंही ऐकतो. आसपासच्या गावांतली शिकार हळूहळू कमी झाली असं प्रकाश आमटे सांगतात, त्यामागे हे सगळं आहे. २००८ साली प्रकाश आणि मंदाताईंना मॅगसेसे मिळालं ते लोकांच्या कामासाठी, हेही लक्षात घ्यायला हवं.

वेळासची पद्धत एका बाबतीत मात्र सरस आहे. तिथे पैसा अंड्याच्या नगावर नाही, राखणीवर मिळतो. आणि प्राणी जागच्या जागी, त्याच्या घरात वाचतो. हेमलकशाला हे जमलं नाही. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आल्यावर पिंजरे कसे हवेत, प्राण्यांशी किती जवळीक चालेल याचे नियम आले आणि त्यावरून प्रकल्पाचे प्राधिकरणाशी खटकेही उडाले. मला दोन्ही बाजू समजतात. नियम बरोबर आहेत, कारण उद्या कोणीही उठून बिबट्या पाळेल. पण १९७० च्या दशकात त्या जंगलात पिल्लू घेऊन आलेल्या माडियासमोर उभा राहायला प्राधिकरण नव्हतं, हे दोघंच होते.

हे सगळं आज का आठवायचं? कारण आमच्या चंद्रपूरला हा हिशोब अजून चुकता व्हायचाय. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाढले, देशभरातून लोक जिप्सीत बसून बघायला येतात. पण बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं त्यासाठी उठली. मोहफुलं वेचायला, सरपणाला, तेंदूपत्त्याला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात, हे आमच्याकडच्या पेपरात दर उन्हाळ्यात येतं. मेल्यावर भरपाई मिळते. मिळायलाच हवी. पण हेमलकशात आणि वेळासला देवाणघेवाण जिवंत माणसाशी झाली होती, आणि आधी झाली होती. गेटजवळच्या गावाला जिप्सीचे, गाईडचे पैसे मिळतात. दहा-वीस किलोमीटर लांबच्या, जिथे पर्यटक जात नाही पण वाघ जातो, त्या गावाला काय मिळतं? तिथल्या माणसाने वाघावर प्रेम करावं असं पुण्यात एसीत बसून म्हणायला माझी जीभ तरी रेटत नाही.

मित्राला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे सुरुवात झाली, पण तुमच्याकडेच विसरले." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. बराच लांबला लेख. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला जाऊन या आणि हिवाळ्यात हेमलकशालाही. पिल्लं बघून झाली की रात्रभर घरट्यांवर पहारा देणाऱ्या माणसाशीही दोन शब्द बोला. आणि ताडोब्याला आलात तर जिप्सीतून उतरल्यावर एखाद्या लांबच्या गावात चहा प्या. वाघाबद्दल तिथे काय बोलतात तेही ऐका.