अडकलेले शटर : दुरुस्ती घरी, पण बेताने

(प्रतिनिधी)

डिजिटल युगातही फिल्मवरील छायाचित्रणाची गोडी पुरती ओसरलेली नाही. पेंटॅक्सने २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' हा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, ही त्याचीच खूण म्हणावी लागेल. तथापि, बहुतेक हौशी मंडळींच्या हाती पडतो तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात वर्षानुवर्षे पडून असलेला, वडिलांनी किंवा आजोबांनी वापरलेला कॅमेरा. लेन्स स्वच्छ असते, चामडी वेष्टनही शाबूत असते. पण बटण दाबले की काहीच घडत नाही, किंवा शटर उघडते ते उघडेच राहते.

असा कॅमेरा भंगारात निघाला, असे मानण्याचे कारण नाही. अडकलेल्या शटरमध्ये बहुधा काही मोडलेले नसते. जुने वंगण चिकट झालेले असते. ते मोकळे करण्याच्या घाईत केलेली बळजबरी आणि सढळ हाताने सोडलेले तेल, या दोन गोष्टींमुळेच दुरुस्त होण्याजोगा कॅमेरा निकामी होतो.

शटर कोणत्या प्रकारचे?

जुन्या कॅमेऱ्यांत प्रामुख्याने दोन प्रकारची शटर आढळतात. पहिला प्रकार पाकळ्यांचा. लेन्सच्या भिंगांमध्येच पोलादाच्या अतिशय पातळ पाकळ्या बसविलेल्या असतात आणि त्या फुलासारख्या उघडून मिटतात. जर्मनीतील कॉम्पूर आणि प्राँटॉर, जपानमधील कोपाल आणि सेइकोशा ही या प्रकारातील प्रसिद्ध नावे. घडीचे आग्फा आयसोलेट आणि एकेकाळी आपल्याकडील अनेक स्टुडिओंत दिसणारे दोन भिंगांचे याशिका मॅट हे कॅमेरे याच गटातील. दुसरा प्रकार पडद्याचा. फिल्मच्या अगदी पुढे कापडी किंवा धातूचे पडदे एकामागोमाग धावतात. लायका, झेनिट, पेंटॅक्स के-१००० हे कॅमेरे त्या गटात मोडतात.

घरच्या घरी हात घालण्याजोगा आहे तो पहिला प्रकार. पडद्याच्या शटरबाबत काय करावे, हे पुढे सांगितले आहे.

बिघाड आहे की कुलूप?

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी शटर खरोखरच अडकले आहे का, याची खातरजमा करावी. कॅमेऱ्यात फिल्म असेल तर मागील झाकण उघडू नये. अनेक कॅमेऱ्यांत शटर न चालणे हा दोष नसून ती मुद्दाम केलेली योजना असते. याशिका मॅट १२४-जी मध्ये शटरच्या बटणाभोवती ते बंद ठेवणारी कळ आहे. पन्नासच्या दशकातील घडीच्या अनेक कॅमेऱ्यांत एकाच फ्रेमवर दोनदा छायाचित्र निघू नये म्हणून फिल्म पुढे सरकल्याशिवाय वरचे बटण दबत नाही. अशा वेळी खुद्द शटरवरील लहान कळ सरकवून पाहता येते. ऑलिम्पस ट्रिप ३५ मध्ये प्रकाश अपुरा असल्यास दर्शकात लाल पट्टी येते आणि शटर चालत नाही. कॅनन एई-१ ला तर सहा व्होल्टची बॅटरी नसेल तर शटर हलतच नाही.

स्वयंचलित टायमरची कळ अर्ध्यावर अडकली असेल तरीही शटर थांबते. ती जोराने ढकलू नये. जुन्या कॅमेऱ्यांत हा टायमर न वापरणेच श्रेयस्कर.

पाकळ्या का चिकटतात?

पाकळ्यांचे शटर हे मूलतः एक छोटे घड्याळ आहे. शटर ताणले की स्प्रिंगमध्ये शक्ती साठते. बटण दाबताच एक कडी फिरून पाकळ्या उघडते. १/५०० सेकंदासारख्या वेगात त्या लगेच मिटतात. एक सेकंद किंवा अर्धा सेकंद अशा मंद वेगांत मात्र लहान दातेरी चक्रांची एक मालिका त्यांचे मिटणे लांबवते. बटण दाबल्यावर ऐकू येणारी बारीक 'किर्र' हा या चक्रांचाच आवाज.

कालांतराने चक्रांवरील वंगण सुकून चिकट होते. त्यातील पातळ तेल हळूहळू पसरत पाकळ्यांवर येते. एकमेकींना टेकलेल्या पाकळ्यांत तेलाचा अदृश्य थरही पुरेसा ठरतो. त्या जणू डिंकाने जोडल्यासारख्या चिकटतात. म्हणूनच पाकळ्या पूर्णपणे कोरड्या असणे ही या शटरची पहिली अट आहे. शिलाई यंत्राचे तेल किंवा गंज सोडविणारा फवारा मारल्यास शटर क्षणभर चालते, पण तेच तेल पुन्हा पाकळ्यांत शिरते आणि भिंगांवरही चढते.

साफसफाईची रीत

साहित्य मोजकेच लागते : बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, घड्याळजी वापरतात तसा रबरी ब्लोअर, कापसाच्या काड्या, लेन्स पुसण्याचा कागद आणि सिगारेट लायटरमध्ये भरण्याचे द्रव इंधन, म्हणजेच नॅफ्था. हे इंधन तेल विरघळवते आणि स्वतः उडून जाते. ते अत्यंत ज्वालाग्राही आहे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळ गॅस, उदबत्ती किंवा देवघरातील समई पेटलेली नसावी.

१. पांढरे कापड अंथरून त्यावर काम करावे. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. जोडणीच्या वेळी त्याचा मोठा आधार होतो.

२. पुढील भिंगाचा संच आटे सोडवून काढावा. हाताने सुटत नसेल तर रबरी बूच दाबून फिरवावे. पक्कड लावू नये. याशिका मॅटसारख्या कॅमेऱ्यात फोकस करताना संपूर्ण पुढचा भाग सरकतो, त्यामुळे हा संच पुन्हा घट्ट बसविला की काम भागते. आयसोलेटसारख्या कॅमेऱ्यांत मात्र पुढचे भिंग फिरवूनच फोकस साधला जातो. तेथे अनंत अंतराची जागा आणि आटे नेमके कोठे सुटले ती जागा, दोन्ही पेन्सिलीने खूण करून ठेवाव्यात.

३. कापसाची काडी इंधनात बुडवून, टिपून घेऊन, मिटलेल्या पाकळ्यांवरून हलकेच फिरवावी. इंधन ओतू नये. ओतल्यास मळ चक्रांत आणि मागील भिंगावर वाहून जातो.

४. शटर ताणून सोडावे, पुन्हा नव्या काडीने पुसावे. काडी स्वच्छ निघेपर्यंत हे करीत राहावे. ब्लोअरने वारा घालावा.

५. कॅमेरा एक दिवस तसाच ठेवावा. इंधन ओले असताना शटर उत्तम चालते आणि ते वाळले की पुन्हा अडते, असा अनुभव हमखास येतो. विरघळलेले तेल पाकळ्यांवर परत बसलेले असते. दोन-तीन वेळा हाच क्रम केल्यावर बहुधा सुधारणा दिसते.

वेग बदलण्याबाबतही दक्षता हवी. जुन्या अनेक कॉम्पूर शटरमध्ये १/५०० हा सर्वोच्च वेग शटर ताणण्यापूर्वीच लावावा लागतो. ताणल्यानंतर चकती तेथवर रेटल्यास आतील भाग दुखावतात.

चाचणी कशी घ्यावी?

पाकळ्या हलू लागल्या म्हणजे काम झाले असे नव्हे. एक सेकंदाचा वेग घड्याळ लावून तपासता येतो. मध्यम वेगांसाठी मोबाइलमधील मंदगती चित्रण उपयोगी पडते. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात १/३० सेकंदाला शटर सुमारे आठ चौकटींत उघडे दिसायला हवे. १/१२५ च्या पुढे ही पद्धत भरवशाची नाही.

वेगातील चूक महागात पडते. १/१२५ लावूनही शटर प्रत्यक्षात १/३० ने चालत असेल, तर फिल्मवर सुमारे चौपट प्रकाश पडतो. कृष्णधवल निगेटिव्ह तेवढे बऱ्याच अंशी सोसते, स्लाइड फिल्म मात्र सोसत नाही.

पुढचे भिंग फिरणाऱ्या कॅमेऱ्यांत फोकसचीही चाचणी आवश्यक आहे. मागील झाकण उघडून, फिल्म जेथे टेकते त्या रुळांवर बटर पेपर ताणून धरावा. शटर 'बी'वर उघडे ठेवून दूरच्या इमारतीची प्रतिमा त्यावर सुस्पष्ट उमटते का, ते पाहावे. त्यानंतरच एक फिल्म खर्ची घालावी. १२० च्या एका रोलमधून ६ बाय ६ आकाराची बारा छायाचित्रे मिळतात. प्रत्येकाचा वेग वहीत नोंदवून ठेवावा.

येथे थांबावे

कापडी पडद्याच्या शटरला रसायन लावू नये. त्या कापडावर रबराचा लेप असतो आणि तो खराब होतो. धातूचे पातळ पडदे तर बोटाच्या दाबानेही वाकतात. या गटातील कॅमेऱ्यांत एक गोष्ट मात्र स्वतः पाहता येते. आरशाच्या वरच्या कडेला बसविलेला स्पंज जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो, आरसा त्याला चिकटून राहतो आणि शटर अडल्याचा भास होतो. अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या काडीने तो स्पंज काढता येतो. आरसा आणि त्यावरील काच यांना स्पर्श होऊ देऊ नये.

अंगभूत फ्लॅश असलेला कॅमेरा उघडू नये. बॅटरी काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज उरते. तसेच, पाकळ्या स्वच्छ होऊनही मंद वेग अडतच असतील, तर दोष चक्रांच्या मालिकेत आहे. ती उघडली की स्प्रिंगा उसळून बाहेर पडतात आणि पुन्हा बसविणे नवख्याला साधत नाही. अशा वेळी कॅमेरा जाणत्या कारागिराकडे न्यावा आणि आपण आतापर्यंत काय केले ते त्याला मोकळेपणाने सांगावे.

दुरुस्त झालेला कॅमेरा पुन्हा बंद पेटीत ठेवू नये. दमट हवेत चामडी पेटी ओल धरते आणि भिंगांवर बुरशी चढते. महिन्यातून एकदा प्रत्येक वेगावर शटर काही वेळा चालवून पाहावे आणि नंतर ते न ताणलेल्या स्थितीत, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे.